ल्युपस, मन आणि रक्ताचा एक अहवाल

‘एएनए प्रोफाइल’ नावाची रक्ततपासणी आता अकोल्यात किंवा अमरावतीत बसूनही करता येते. रक्त इथे द्यायचं, नळी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाते आणि दोन-चार दिवसांत अहवाल मोबाइलवर येऊन पडतो. त्यात पंधरा-सोळा नावं एकाखाली एक छापलेली असतात. एसएस-ए, आरओ-५२, एसएम, डीएस-डीएनए, हिस्टोन, आणि खाली कुठेतरी ‘रिब-पी’. प्रत्येक नावापुढे वजाचं चिन्ह, नाहीतर एक, दोन किंवा तीन अधिक. रिब-पीपुढे तीन अधिक दिसले की घरातला कॉलेजात जाणारा पोरगा ते नाव शोधतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो. ही मेंदूवर जाणारी अँटिबॉडी आहे, ताईला जे होतंय ते हिच्यामुळेच.

एक पिढी आधी त्याच घरातला निकाल वेगळा असता. ‘तिले बाहेरचं झालं.’ आणि मग देवरुषी, उतारे, गंडे-दोरे. दोन निकालांमध्ये विज्ञान आणि अंधश्रद्धेचं अंतर आहे हे खरं, पण घाई दोन्हींत सारखीच. ल्युपस या आजारात मनाची लक्षणं दिसतात तेव्हा कारण शोधण्याचं काम या दोन्ही निकालांच्या मधल्या जागेत असतं, आणि ते बरंच किचकट असतं.

आजाराची ओळख थोडक्यात. शरीरात शिरलेल्या जंतूंना पकडण्यासाठी प्रतिकारशक्ती अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बनवते. ल्युपसमध्ये ती स्वतःच्याच पेशींच्या घटकांविरुद्ध बनू लागतात. कुंपणानेच शेत खावं तसा हा प्रकार. अशा प्रतिपिंडांना ऑटोअँटिबॉडी किंवा स्वप्रतिपिंडं म्हणतात. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी, फुप्फुसांचं आवरण, मेंदू, कुठेही दाह होऊ शकतो. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, आणि त्यांतल्या बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस वयातल्या. म्हणजे कॉलेजातली मुलगी, नवी सून, लहान मुलांची आई.

‘हे बाहेरचंच आहे’

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा वऱ्हाडात कुणाला माहीत नाही? होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते आणि मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबं सर्व धर्मांची असतात. श्रद्धेवर इथे वाद घालायचा नाही. आक्षेप आहे तो त्या काळात औषधोपचार थांबतात किंवा सुरूच होत नाहीत, यावर. तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या अशाच एका आश्रयस्थानी ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत.

ल्युपसचा मनाशी संबंध हा काही नवा शोध नाही. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिझ कापोसी यांनी १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं की हा आजार कातडीपुरता राहत नाही. ताप, सांधेदुखी आणि शुद्धी-बुद्धीचा गोंधळही त्यात दिसतो. काही जणींमध्ये तर पहिलं ठळक लक्षण मनाचंच असतं. कुणी कानात बोलतंय असं वाटणं, घरचे जेवणात काही घालतात असा पक्का संशय, रात्र-रात्र झोप नसणं, अचानक भाषा तुटक होणं.

अशा वेळी सुगावा बहुधा शरीरात सापडतो आणि तो घरच्यांनी आधीच पाहिलेला असतो. गेले सहा महिने बोटांचे सांधे सकाळी आखडतात. केस पुंजक्यांनी गळतात. तोंडात टाळूला न दुखणारे फोड येतात. उन्हातून आलं की गालांवर आणि नाकाच्या वरच्या भागावर लालसर चट्टा उमटतो. पावलं सुजतात, लघवीला फेस येतो. दोनदा गर्भ पडला. यातलं प्रत्येक लक्षण सुटं सुटं सांगितलं जातं, वेगवेगळ्या डॉक्टरांना आणि वेगवेगळ्या वर्षी. थकव्याबद्दल तर सांगितलंच जात नाही, कारण त्याचं निदान सासरी होऊन गेलेलं असतं : ‘काम जीवावर येते तिच्या.’

इथे एक खबरदारी. भास आणि संशयाचे बहुसंख्य रुग्ण ल्युपसचे नसतात. प्रत्येक मनोरुग्णाच्या मागे स्वप्रतिपिंडं शोधत सुटणं हेही शहाणपणाचं नाही. तरुण स्त्री, अचानक सुरुवात आणि जोडीला ताप, सांधे, त्वचा किंवा लघवीची तक्रार असा मेळ दिसला की मात्र साधी लघवीची तपासणी आणि रक्तपेशींची मोजणी टाळू नये. लघवीतली प्रथिनं किंवा घटलेल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, एवढ्यावरूनही जाणत्या फिजिशियनला पुढची दिशा मिळते. या दोन तपासण्या तालुक्याच्या गावातही होतात.

‘एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे ल्युपस’

या एका समजुतीने वऱ्हाडातल्या किती घरांची झोप उडवली असेल कोण जाणे. एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं. काचपट्टीवर वाढवलेल्या पेशींवर रुग्णाचं रक्तद्रव पातळ करून सोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसते का ते पाहतात. ४० पट पातळ केल्यावरही चमक दिसली तर अहवाल १:४०, आणखी पातळ करत गेलं की १:८०, १:१६०. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं तेव्हा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे होते : १:४० ला जवळपास ३२ टक्के पॉझिटिव्ह, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के. सगळी धडधाकट माणसं.

उलट बाजूला आजाराचं प्रमाण पाहा. डॉ. ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात केलेल्या पाहणीत (१९९३) लाखामागे सुमारे ३.२ ल्युपस रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या साधारण ४७ लाख. तोच दर लावला तर दीडशेच्या आसपास रुग्ण निघतात. खरा आकडा याहून मोठा असू शकतो, कारण पुष्कळ जणी निदानापर्यंत पोचतच नाहीत. पण तो पाचपट धरला तरी, एएनए पॉझिटिव्ह निघू शकणाऱ्या निरोगी माणसांपुढे नगण्यच.

त्यातून आपल्याकडे जंतुसंसर्गांची काही वाण नाही. क्षयरोग, मलेरिया, कुष्ठरोग यांत एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. चिकुनगुनियानंतरही येतो, आणि त्यात सांधे तर महिनोन्महिने दुखतात. मेळघाटात आणि विदर्भाच्या इतर भागांत आढळणारा सिकलसेल आजार हाडं-सांधे दुखवतो, रक्त कमी करतो आणि वरवर पाहता ल्युपससारखा दिसतो. साप साप म्हणून भुई धोपटायला इथे भरपूर वाव आहे.

सर्वांत मोठी गंमत औषधांची आहे. मनोविकारांवर दिलं जाणारं क्लोरप्रोमाझिन हे जुनं औषध दीर्घकाळ घेतल्यास एएनए पॉझिटिव्ह करतं, काही रुग्णांत रक्त गोठण्याशी संबंधित प्रतिपिंडंही निर्माण करतं. म्हणजे मनोरुग्णाच्या रक्तात स्वप्रतिपिंडं सापडली तर ती आजाराचं कारण असतील असं नाही, ती उपचाराचा परिणामही असू शकतात. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड तर दोन्ही करू शकतं. एएनए पॉझिटिव्ह करणं त्याला नवीन नाही आणि क्वचित भास-भ्रमही होतात. अशा औषधांमुळे कधी ल्युपससारखी लक्षणंही दिसतात; या औषधजन्य ल्युपसमध्ये बहुधा हिस्टोनविरोधी प्रतिपिंडं आढळतात आणि औषध थांबवल्यावर लक्षणं ओसरतात. म्हणून आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून नेणं हे महागड्या तपासणीइतकंच मोलाचं आहे.

‘रिब-पी आहे, म्हणजे मेंदूचा ल्युपस’

आता त्या तीन अधिकांकडे. पेशीत प्रथिनं तयार करणारी जी यंत्रणा असते, तिच्या कणांना रायबोसोम म्हणतात. रायबोसोमवर पी-०, पी-१, पी-२ अशी तीन प्रथिनं असतात आणि काही ल्युपस रुग्णांमध्ये नेमकी त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. १९८७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एलोइसा बोनफा आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की ल्युपसमध्ये सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा विकार, झालेल्या रुग्णांत ही प्रतिपिंडं फार मोठ्या प्रमाणात आढळतात. वैद्यकीय जगात खळबळ उडाली. मनाच्या एका विकाराला चक्क रक्ताची तपासणी मिळाली असं वाटलं.

मग इतरांनी तपासायला घेतलं आणि चित्र धूसर होत गेलं. २००६ मध्ये अनेक देशांतल्या गटांची मिळून दीड हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. मेंदू आणि मनाची लक्षणं असलेल्यांपैकी जेमतेम चौघांत एकाच्या रक्तात रिब-पी पॉझिटिव्ह निघाली. आणि ज्यांना तसली लक्षणं नव्हती, त्यांच्यातही पाचांत एक पॉझिटिव्ह होताच. असल्या तपासणीवर एकट्या रुग्णाचं निदान कसं ठरवणार? शिवाय रायबोसोम मुख्यतः केंद्रकाबाहेर असतात, त्यामुळे रिब-पी असूनही साधा एएनए कधी कधी निगेटिव्ह म्हणून येतो. २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गुण देण्याची पद्धत आहे. झटके आल्यास ५, सायकोसिसला ३, डीएस-डीएनए किंवा एसएम प्रतिपिंडांना ६ गुण, आणि एकूण १० हवेत. रिब-पीला त्यात एकही गुण नाही. त्याच वर्गीकरणात एक अट आहे, जी प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावी अशी आहे : लक्षणाला ल्युपसपेक्षा अधिक संभाव्य कारण सापडत असेल तर ते लक्षण मोजायचंच नाही.

तर मग ही प्रतिपिंडं निरुपद्रवी आहेत का? तसंही नाही, आणि इथेच गोष्ट रंगते. चिलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की या प्रतिपिंडांना चिकटता येईल असं एक प्रथिन मज्जापेशींच्या पृष्ठभागावरही असतं. त्याआधी २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बेटी डायमंड यांच्या गटाला आढळलं होतं की डीएनएविरुद्धची काही प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) एका भागालाही पकडतात. स्मृती आणि भावना यांच्यासाठी हे ग्राहक फार महत्त्वाचे.

डायमंड यांच्या गटाने मग उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या रक्तात ही प्रतिपिंडं भरपूर होती, तरी वागणं ठीक होतं. कारण रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्या मध्ये घट्ट जोडलेल्या पेशींचा पडदा असतो आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू त्यातून सहजासहजी जात नाहीत. संशोधकांनी उंदरांना जिवाणूंच्या आवरणातलं एक द्रव्य टोचलं. पडदा सैल झाला, प्रतिपिंडं मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागात शिरली आणि उंदरांची स्मरणशक्ती बिघडली. दुसऱ्या प्रयोगात अ‍ॅड्रिनलिन टोचलं तेव्हा पडदा निराळ्या जागी, अमिग्डाला या भागापाशी सैल झाला. या उंदरांची स्मृती शाबूत राहिली, बिघडली ती भीतीची प्रतिक्रिया. प्रतिपिंडं तीच, फक्त दार कुठलं उघडलं यावर लक्षण ठरलं.

उंदरांवरून माणसांबद्दल सुतावरून स्वर्ग गाठू नये. पण एका निष्कर्षाला यातून बळ मिळतं. रक्तात प्रतिपिंड असणं आणि ते मेंदूत पोचून काम बिघडवत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल पहिलीबद्दल बोलतो, दुसरीबद्दल नाही.

आपल्या राज्यातही यावर काम झालं आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथल्या डॉ. वंदना प्रधान आणि सहकाऱ्यांनी केईएमच्या डॉक्टरांबरोबर पश्चिम भारतातल्या ल्युपस रुग्णांमधली मेंदू-मनाची लक्षणं आणि त्यांच्या रक्तातली वेगवेगळी प्रतिपिंडं यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच नावावर बोट न ठेवता अनेक प्रतिपिंडं शेजारी ठेवून पाहण्याचा त्यांचा मार्ग अधिक समंजस वाटतो.

एक प्रतिपिंडांचा गट मात्र अजिबात दुर्लक्षू नये : अँटिफॉस्फोलिपिड. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या प्रतिपिंडांचा आजार तपशिलाने मांडला. ही प्रतिपिंडं रक्ताच्या गुठळ्या घडवतात. वारंवार गर्भपात, पायातल्या शिरेत गाठ, तरुण वयात अर्धांगवायू ही त्यांची ओळख. मेंदूत बारीक गुठळ्या होत राहिल्या तर विसराळूपणा आणि स्वभावातला बदल दिसतो. इथे प्रतिकारशक्ती दाबण्यापेक्षा रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांची गरज असते. उपचारच बदलतो, म्हणून ही तपासणी पैसे वसूल करते.

‘ल्युपस आहे ना, मग उदासही त्यानेच’

ल्युपसच्या रुग्णांत मेंदू आणि मनाच्या ज्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या किती खरोखर ल्युपसमुळे? आंतरराष्ट्रीय पाहणीत, कडक निकष लावा की सैल, उत्तर एक तृतीयांशाच्या आतच राहिलं. उरलेल्यांना इतर कारणं होती. जंतुसंसर्ग, निकामी होत चाललेलं मूत्रपिंड, रक्तातल्या क्षारांचा बिघाड, थायरॉइड, औषधं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या बाईला ताप आणि बडबड सुरू झाली, तर आपल्या भागात पहिली शंका क्षयाच्या मेंदूज्वराची घ्यावी लागते. त्यासाठी पाठीतून पाणी काढून तपासायला घरचे घाबरतात, ‘पाय जातील’ म्हणतात. त्या तपासणीने पाय जात नाहीत. ती न करता ल्युपस समजून जोरदार औषधं दिली तर मात्र जीव जाऊ शकतो.

आणि साधं दुःख? पंचविशीत केस गेलेले, चेहऱ्यावर डाग, मूल होईल का याची टोचणी, औषधांचा खर्च. हिला नैराश्य आलं तर त्यासाठी प्रतिपिंडांची गरज काय? अमेरिकी गायिका सेलेना गोमेझ हिने २०१५ मध्ये ल्युपस, २०१७ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि २०२० मध्ये बायपोलर विकार जाहीर केला. एकातून दुसरा निघाला असं म्हणायला आधार नाही. दोन आजार एका माणसात नांदू शकतात. वऱ्हाडात शेतकरी आत्महत्यांमुळे सरकारने २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यामुळे गावपातळीवर नैराश्याबद्दल बोललं तरी जाऊ लागलं. पण त्या बोलण्याच्या मध्यभागी कर्जबाजारी पुरुष आहे. सांधे धरून बसलेली सून त्यात अजून नीट दिसत नाही.

‘स्टिरॉइडने वेड लागतं, बंद करून टाका’

यात अर्धसत्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. बोस्टनच्या संशोधकांच्या १९७२ ला प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांत १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ४.६ टक्के आणि ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला. तो बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसतो. आता डॉक्टरपुढचा पेच बघा. ल्युपस उसळला म्हणून स्टिरॉइड वाढवलं आणि दहाव्या दिवशी भास सुरू झाले. आजारामुळे असतील तर डोस आणखी वाढवायला हवा, औषधामुळे असतील तर कमी करायला हवा. दोन्ही उपाय एकमेकांच्या विरुद्ध. तारखा इथे कामी येतात. गोळी कधी सुरू झाली, झोप कधी उडाली, लघवीतली प्रथिनं तेव्हा वाढत होती की उतरत होती. हे वहीत लिहून ठेवणारा नवरा किंवा आई मोठ्या यंत्रांपेक्षा उपयोगी पडते.

काही आठवडे चाललेली गोळी एकदम थांबवली तर शरीराला स्वतःचं स्टिरॉइड लगेच बनवता येत नाही. रक्तदाब कोसळू शकतो. आणि जे घरचे डॉक्टरच्या चिठ्ठीतल्या स्टिरॉइडला भितात, तेच वाताच्या पुड्या बिनदिक्कत आणतात. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं अनेकदा सापडलं आहे, तेही किती आहे हे न सांगता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

बाकीचे गैरसमज चटकन. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे मेंदूला काही झालं नाही, हे चूक. ल्युपसच्या सायकोसिसमध्ये तो पुष्कळदा नॉर्मलच असतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे ल्युपसच्या डॉक्टरांनी हात झटकले, हेही चूक. भास थांबवणाऱ्या गोळ्या आणि दाह शमवणारी औषधं बरोबरीने द्यावी लागतात. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचं पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय, मेडिसिन आणि मानसोपचार हे विभाग एका आवारात असतात; घरच्यांनी एकाची फाइल दुसऱ्याला दाखवली तरी अर्धं काम होतं. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. वऱ्हाडच्या उन्हाबद्दल म्हणायचं तर ल्युपसला त्रास देतात ते अतिनील किरण, पारा नव्हे. मे महिन्यात कूलरसमोर बसून घाम आला तर भीती नाही, डिसेंबरातलं गोड ऊन मात्र बाधू शकतं. कपाशी वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, तो पोशाख ल्युपससाठी उत्तमच.

राहिला सर्वांत खोल रुजलेला समज. एकदा डोकं फिरलं की ते कायमचं, आता हिला माहेरी पाठवा, धाकटीची सोयरीक होईपर्यंत कुणाला कळू देऊ नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या १,८२६ ल्युपस रुग्णांचा सरासरी सात वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला होता. त्यांतल्या फक्त २८ जणांना सायकोसिस झाला. ल्युपसमुळे झालेला सायकोसिस बहुधा निदानाआधीच्या वर्षात किंवा निदानानंतरच्या तीन वर्षांत दिसला. आणि त्या २८ पैकी २६ जणांना तो एकदाच झाला.